जमिनीकडचं वारं

आमच्या घरात समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. आबा बिदरकडच्या एका खेड्यातून, काळ्या मातीतून उठून हैदराबादला आलेले. माय त्याच मुलखातली. आम्ही दोघी बहिणी सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या गाठी उतरवणाऱ्या हमालांच्या आरडाओरड्यात वाढलेल्या. पाणी म्हणजे सकाळी नळाला येई तेवढं, किंवा सणासुदीला हुसेनसागरच्या बांधावरून दिसे तेवढं. त्यामुळे डॉक्टरांनी अक्काला तपासून, कानातल्या नळ्या गळ्यात टाकत, “महिनाभर समुद्राची हवा मिळाली तर बघा” असं म्हटलं, तेव्हा औषधाचं नाव नीट ऐकून घ्यावं तसं आबांनी ते पुन्हा विचारून घेतलं. कोणता समुद्र आणि कोणत्या दिवसांत, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आबांनीही विचारलं नाही.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. तिचं नाव कुमुद, पण गल्लीत लहानथोर सगळेच तिला अक्का म्हणत. लहानपणी तिला सांध्यांचा ताप आला होता. गुडघे, मनगटं सुजली, महिनोन्‌महिने अंथरुणात गेले. ताप गेला, पण जाताना काळजाची एक झडप बिघडवून गेला. तेव्हापासून ती जिना चढताना मध्येच थांबे आणि आपण भिंतीवरचा पोपडा बघायला थांबलोय असं दाखवी. बसून करायचं काम म्हणून आबांनी तिला शिलाईचं मशीन घेऊन दिलं. खिडकीशी बसून ती गल्लीभरच्या बायकांची पोलकी शिवायची. हात जितका बारीक चाले तितकीच जीभ तिखट. शेजारच्या कोणी “अक्का, जरा सैल ठेव गं” म्हटलं की ही म्हणायची, “सैल ठेवते, पण मग जेवायचं कमी करू नक्को, नाहीतर माझं नाव जाईल.” बाया हसत आणि पुन्हा तिच्याकडेच येत. अजून मला उन्हाळ्याची दुपार म्हटली की आधी त्या मशीनच्या पायट्याचा आवाज ऐकू येतो, थोडा चालून थांबणारा, पुन्हा चालणारा.

डॉक्टरांनी आणखीही एक सांगितलं होतं. “हिच्या लग्नाचं मनात आणू नका. केलंत तर मूल नको. ते हिला झेपणार नाही.” हे मी दाराशी उभी राहून ऐकलं, अक्कानं तपासणीच्या पलंगावर बसून ऐकलं. आबांनीही ऐकलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की हे शब्द त्यांच्या कानाशी येऊन बाहेरच उभे राहिले. घरी आल्यावर माय म्हणाली, “डॉक्टर काय, बोलतात. त्यांना लेकी नसतील.” आणि विषय तिथेच मिटला.

आबा सुलतान बाजारात एका मोठ्या कापडदुकानात मोजून कापून द्यायच्या कामाला होते. तिथेच येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांना कळलं, की आपल्याच मुलखातलं एक घर पुष्कळ वर्षांपासून गुंटूरला आहे, मुलगा एकुलता एक, तंबाखूच्या एका कंपनीच्या कचेरीत नोकरीला. गुंटूरहून समुद्र जवळ. आबांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी जुळल्या. हैदराबादेत अक्काचं दुखणं गल्लीतल्या पोरासोरांना ठाऊक होतं, तिथे कोणाला ठाऊक नसणार. पंधरवडाभर समुद्राची हवा लागेल, गालांवर रंग चढेल, मग मुलाला बोलवायचं. आबा खोटं बोलणारे माणूस नव्हते. गिऱ्हाईकाला कापड देताना ते गजाच्या टोकाला चार बोटं जास्तच सोडत. पण त्या उन्हाळ्यात त्यांनी मनाशी एक ठरवलं होतं, आणि त्याला ते खोटं समजत नव्हते, आशा समजत होते.

बापटल्याला गाडीतून उतरून, तिथून बसने, आणि बस सोडल्यावर बैलगाडीने आम्ही त्या गावी पोचलो. गाव कसलं, कोळ्यांची वस्ती, सुरूच्या झाडांचं एक लांबलचक बन, आणि हवापालटाला येणाऱ्यांसाठी बांधलेली कौलारू घरांची एक रांग. एक कॉफीचं हॉटेल. आमच्या घराची मालकीण सुब्बम्मा नावाची म्हातारी होती, गोंदलेल्या हातांची, दिवसभर तोंडात उलटी, पेटतं टोक आत ठेवून, विडी धरणारी. माझं तेलुगू गल्लीत खेळून झालेलं, त्यामुळे घरच्यांचं आणि तिचं बोलणं माझ्यामार्फतच चाले. आल्या आल्या आबांनी मला विचारायला लावलं, “समुद्राचा वारा किती वाजता सुटतो?” सुब्बम्मानं विडी काढली, समुद्राकडे नाही तर उलट दिशेला, पश्चिमेला, बोट केलं आणि म्हणाली, “गाली रालेदु.” वारं आलंच नाही अजून. दर वर्षी दुपार कलली की समुद्रावरून येतं. यंदा येत नाही. यंदा जमिनीकडचंच वाहतंय. मी हे आबांना सांगितलं. आबा म्हणाले, “येईल की. आत्ता तर आलोत.”

त्या वाऱ्याबद्दल मला जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण आम्ही तिथे होतो तोवर आमच्यावर राज्य त्याचंच होतं. पहाटे हवा थांबलेली असे. समुद्र तेलासारखा सपाट, राखेच्या रंगाचा, काठाशी एवढीशी लाट मोडे तीही आळस दिल्यासारखी. त्या वेळात आम्ही पाण्याशी जायचो. सूर्य पाण्यातून वर आला की तासाभरात वाळू तापायची आणि पाठीमागून, शेतांकडून, तो सुटायचा. त्यात मिरच्या वाळत घातलेल्या खळ्यांची धूळ असायची, डोळे चुरचुरायचे. सुरूच्या बनातून तो असा आवाज करत येई की पहिल्या दिवशी मायला वाटलं समुद्रच गरजतोय. समुद्र मात्र त्या वाऱ्यानं आणखी चेपून जायचा. किनाऱ्याची वाळू उडून पाण्यात पडायची. ओठ फुटायचे, नखांशी कातडं निघायचं. खिडकीला ओली चादर लावली तर भाकरी थापून होईतो ती खडखडीत वाळलेली. समोर डोळ्यांना पुरणार नाही इतकं पाणी, आणि हवेत ओलाव्याचा थेंब नाही. तिकडे त्या वाऱ्याला वडगाली म्हणतात आणि मूल रडायला लागलं तर त्याचं नाव घेऊन गप्प करतात.

(परवा माझा नातू म्हणाला, “आजी, समरमध्ये बीचला जाऊ या ना, मस्त ब्रीझ असते.” दिलसुखनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एसी लावून, खिडक्या बंद करून आम्ही बसलो होतो. हे मी मराठीत लिहितेय ते त्याला वाचता येत नाही. अक्षर ओळखतो, पण चार शब्दांनंतर कंटाळतो. त्याला कोणी वाचून दाखवेल असंही मला वाटत नाही.)

मायनं त्या वाऱ्याचाही उपयोग काढला. हैदराबादहून आणलेलं उडदाचं पीठ संपेपर्यंत तिनं पापड लाटले, मग मिरच्या भरून वाळवल्या, मग गवारीच्या शेंगा. एका सकाळीत सगळं कडक. “वाळवणाला असलं वारं आपल्याकडे मिळायचं नाही,” ती म्हणायची. सुकत घातलेल्या मासळीच्या वासानं तिला पहिले काही दिवस अन्न गेलं नाही. ज्वारीचं पीठ डब्यात होतं, त्याची भाकरी, कैरीचं आंबट वरण, आणि कांदा. सुब्बम्मानं तिला सांगितलं होतं, कोणी उन्हात गेलं तर खिशात कांदा ठेवायचा. आबांच्या सदऱ्याच्या खिशात तेव्हापासून नेहमी एक कांदा असे. दुपारी कोळ्याची बाई ताडगोळे घेऊन येई. ते थंडगार, पाण्यानं भरलेले गोळे अक्का आवडीनं खायची. महिन्याभरात तिनं मन लावून खाल्लं असं तेवढंच.

हवापालटाला आलेली बाकी कुटुंबं वाऱ्याला कंटाळून एकेक करून निघून गेली. कॉफीच्या हॉटेलवाल्यानं दुपारचं फळ्या लावून घ्यायला सुरुवात केली. अक्का रात्री उशाला दोन उशा आणि वर घडी केलेलं लुगडं ठेवून बसूनच झोपायची. ओठ निळसर दिसायचे. पण गाल मात्र खरंच लाल झाले. माय तिला उजेडात घेऊन बघायची आणि आबांना हाक मारायची, “या इकडं, रंग बघा लेकीचा!” आबा येऊन बघायचे आणि त्यांच्या मानेवरचा ताण सुटलेला मला दिसायचा. काळजाच्या त्या दुखण्यात गाल असेच रंगतात, ते दुखणं वाढल्याचं लक्षण असतं, हे मला पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी सहज बोलता बोलता सांगितलं. तेव्हा घरात सांगायला कोणी उरलं नव्हतं.

विश्वनाथ आला तो रविवारी सकाळच्या बसने. “आधी मी एकटा येऊन भेटतो, मग आईला आणतो,” असा त्याचा निरोप होता. उंच, जरासा वाकून चालणारा, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेला. उन्हानं त्याचे डोळे लाल झाले होते. आल्यावर त्यानं आधी माठातलं पाणी मागितलं आणि पिऊन झाल्यावर मायला म्हणाला, “आमच्याकडं माठात वाळा टाकतात. तुम्हीपण टाकलाय. बरं वाटलं.” एवढ्यावरून मायनं त्याला आपला करून टाकलं. जेवताना तो भाकरी मोडण्याच्या पद्धतीवरून आमच्या मुलखातला दिसत होता. अक्कानं वाढलं. त्यानं ठेचा दुसऱ्यांदा मागितला तेव्हा म्हणाली, “पाणी जवळ ठेवा. वारं आधीच तिखट आहे.” तो हसला. मला तो आवडला. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच आवडला, आणि पुढचं सगळं त्यामुळेच जड गेलं.

उन्हं उतरल्यावर आबा म्हणाले, “जा, समुद्र दाखवून आण पाहुण्यांना. शरू येईल संगं.” शरू म्हणजे मी. मी चार पावलं मागे चालत होते. वारं कमी झालं होतं, पण वाळू अजून गरम होती. सुरूच्या बनातून बाहेर पडेपर्यंत अक्का दोनदा थांबली. पहिल्यांदा म्हणाली, “चप्पल रुतते.” दुसऱ्यांदा तिनं काही कारण दिलं नाही. एका उलट्या घातलेल्या होडीला टेकून उभी राहिली आणि श्वास खाली बसेस्तोवर वाट बघून म्हणाली,

“आबांनी तुम्हाला काय सांगितलंय?”

“काय म्हणजे? थोरलीला हवापालटाला आणलंय म्हणाले.”

“हवा कामून पालटायची, ते?”

त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

“माझं काळीज खराब आहे,” अक्का म्हणाली. “बोलायचं म्हणून म्हणतात तसं नाही. खरंच खराब आहे. झडप गेलीय. डॉक्टर म्हणाले लग्न करू नका. केलं तर लेकरू नको.”

मग खाली वाकून त्यानं चपलेतली वाळू झटकली. त्याला त्या वेळी हाताला काहीतरी काम हवं होतं असं मला वाटतं.

“मी एकटाच आहे घरात,” तो म्हणाला. “आईला दुसरं कोणी नाही.”

“हौ. ते माहितेय. म्हणून तर सांगितलं.”

“आबांशी मी बोलू का?”

“नक्को. तुम्ही जा. मी सांगीन त्यांना.”

परत येताना तो तिच्या चालीनं चालला. ती थांबली की थांबायचा, पण आपण तिच्यासाठी थांबलोय असं दिसू द्यायचा नाही, कुठे होडी बघ, कुठे जाळं बघ. जिन्यात अक्का जे करायची तेच तो न शिकवता करत होता.

घरी मायनं कॉफी केली होती. बस यायला वेळ होता. माय पदराचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाली, “मग आईला कधी आणता?” विश्वनाथनं अक्काकडे पाहिलं. अक्का कपबश्या उचलत होती. आबा खाटेवर पुढे सरकून बसले होते, तोंड थोडं उघडं, जसे ते दुकानात मोठं गिऱ्हाईक कापड पसंत करत असताना बसायचे. तो तरुण माणूस त्या दोन चेहऱ्यांपुढे टिकला नाही. “पुढच्या रविवारी,” तो म्हणाला. “पुढच्या रविवारी आईला घेऊन येतो.”

तो गेल्यावर मी अक्काला मोरीशी गाठलं. “सांग की आता.” ती म्हणाली, “सांगते. आज नको. बघ की मायकडं.” माय परातीत कैऱ्या घेऊन बसली होती आणि किसता किसता लग्नाची ओवी गुणगुणत होती. मायला गाताना मी फार क्वचित ऐकलं आहे. दुसऱ्या दिवशी आबा पहाटे उठून, वारं सुटायच्या आत, बापटल्याला जाऊन येणाऱ्या पाहुणीसाठी पानसुपारी आणि शेवया घेऊन आले. मग अक्कानं उद्या सांगते म्हटलं. मग काही म्हणायचंच सोडलं. आठवडाभर घरात असा आनंद होता की वाऱ्याला कोणी नावं ठेवेना. मला माहीत होतं आणि तिला माहीत होतं. जेवताना आमची नजरानजर झाली की ती ताटात बघायची.

शनिवारी मात्र मी एक पाहिलं. अक्कानं शिकेकाई उकळून केस धुतले. मायनं सांगितलं नव्हतं. पेटीतलं निळं पोलकं काढलं, त्याची बाही जरा उसवून पुन्हा शिवली, तांब्यात निखारे घालून त्यानं इस्त्री केली. मी जवळ जाऊन बसले.

“तू तर म्हणतीस येणार नाही.”

“नाहीच येणार.”

“मग?”

तिनं तांब्या फिरवत फिरवत पोलक्याची कड सरळ केली. “कोण जाणे शरू,” ती म्हणाली. “माणूस घरी जाऊन विचार करतो. मी आबांना सांगून टाकलं, की मग खरंच नाही येणार बघ.”

तेव्हा मला कळलं की त्या घरात न फसलेलं असं कोणीच नव्हतं.

रविवारी पहाटेपासून मायनं पुरण शिजवलं. आबा धुतलेला सदरा घालून, डोक्याला उपरणं गुंडाळून बसच्या फाट्यावर गेले. फाटा गावापासून दूर होता. रस्ता, मैलाचा दगड आणि चहूकडे उघडं रान. सावलीला झाड नाही. सकाळची बस आली, त्यातून कोळणी उतरल्या. आबा परत आले नाहीत. मायनं मला ताक देऊन पाठवलं. आबा दगडाला टेकून उभे होते, बसले नव्हते, कारण धुतलेला सदरा मळला असता. वाऱ्यानं त्यांच्या उपरण्याचं टोक सारखं तोंडावर येत होतं. “पुढच्या गाडीनं येतील,” ते म्हणाले. “म्हाताऱ्या बाईला घेऊन निघायचं म्हणजे उशीर होणारच.” ताक प्यायले आणि मला परत पाठवलं.

पुढचीही बस येऊन गेली असणार. वारं आता असं वाहत होतं की अंगणातून विहिरीपर्यंत जायचं तर तोंड झाकावं लागत होतं. सुब्बम्मा ओसरीवरून ओरडून म्हणाली, “त्या माणसाला आत बोलवा गं, या वाऱ्यात जनावरही उभं करू नये.” माय पुरणपोळ्या झाकून दारात येऊन उभी राहिली. “येतील आता,” म्हणाली, पण आवाज बदलला होता.

अक्का उठली. निळं पोलकं घातलेलंच होतं. चपला घातल्या आणि निघाली. मी मागे पळाले. “तू नक्को, मी जाते,” मी म्हणत होते. ती उत्तर देत नव्हती, कारण तिला चालणं आणि बोलणं दोन्ही जमत नसे. दर थोड्या वेळानं थांबायची, कमरेवर हात ठेवून तोंड उघडं टाकून श्वास घ्यायची, आणि आत जायचं ते सगळं तापलेलं, धुळीचं. कशी पोचली मला माहीत नाही. आबांनी लांबून आम्हाला पाहिलं आणि दोन्ही हात हलवून परत जा, परत जा अशी खूण करू लागले.

“अगं कामून आलीस? येतील ते. तिसरी गाडी…”

“येणार नाहीत आबा.” ती दगड धरून उभी राहिली. “मी सांगितलं त्यांना. मागल्या रविवारीच. सगळं सांगितलं.”

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. रस्ता उन्हात पाण्यासारखा हलत होता. त्यांचे ओठ फुटून रक्त आलेलं होतं. मला वाटलं ते चिडतील. ते अगदी हळू, कुणाला तरी खरंच विचारावं तसे म्हणाले, “मग मी कशाला उभा होतो गं?”

अक्का रडली नाही. रडायलासुद्धा दम लागतो.

आम्ही परत फिरलो. सुरूच्या बनाच्या अलीकडे आबा मध्येच थांबले आणि दुकानातल्या कोणत्या तरी माणसाला हाक मारून कापडाचा अमुक ताका काढ म्हणाले. मग गुडघ्यांवर बसले आणि आडवे झाले. त्यांच्या अंगाला हात लावला तर तव्यासारखं, आणि घाम नावाला नाही. मी किंचाळत वस्तीकडे पळाले. कोळ्यांनी त्यांना खाटेवर घालून आणलं. सुब्बम्मानं घागरीमागून घागर ओतली, तळपायांना कांद्याचा रस चोळला, ओली चादर गुंडाळून दोन्ही बाजूंनी ताडाच्या पंख्यांनी वारा घालायला लावला. बापटल्याहून डॉक्टर संध्याकाळी आला. म्हणाला, वाचले आहेत, पण हलवायचं नाही.

त्या संध्याकाळी मायला सगळं कळलं. झाकलेल्या पुरणपोळ्या तशाच होत्या. ती अक्काच्या समोर जाऊन उभी राहिली.

“तोंड शिवून ठेवता आलं नाही तुला? जगाची पोलकी शिवतीस!”

“शिवलं होतं की,” अक्का म्हणाली. “आठवडाभर.”

त्यानंतर त्या दोघी कित्येक दिवस एकमेकींशी कामापुरतंच बोलत. मायचा राग खरा होता आणि अक्काचं सांगणंही खरं होतं. या दोन्हींच्या मध्ये घरात बसायला जागा नव्हती. मी बहुतेक वेळ ओसरीवर सुब्बम्माजवळ बसायचे. ती मला विचारायची, तुझी बहीण किती शिकली, लग्न का नाही केलं. मी तेलुगू समजत नसल्यासारखं करायचे.

समुद्राकडचं वारं आम्ही असेपर्यंत आलं नाही.

हैदराबादला परतल्यावर आबा दुकानात जाऊ लागले, पण मापं चुकायला लागली. आकडा तोंडानं म्हणायचे आणि कातर दुसरीकडे लावायचे. मालकानं माणुसकीनं त्यांना गादीजवळ नुसतं बसवून ठेवलं. पुढं ते स्वतःच जाईनासे झाले. लग्नाचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला तो माझ्या वेळी. अक्का त्या उन्हाळ्यानंतर चार-पाच वर्षं होती. मशीन चालवायची, आधी दिवसभर, मग सकाळचं, मग नुसतं हातानं काज-बटणं. एका थंडीत तिचे पाय सुजले ते उतरले नाहीत. दवाखान्यात मी तिच्याजवळ होते. शेवटी तिनं काही विशेष सांगितलं नाही. तिला पाणी हवं होतं आणि पाणी द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक तेलुगू कुटुंब आहे. त्यांच्या मुलीला हेच निघालं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून, आत फुगा फुगवून झडप मोकळी केली. आठवड्याच्या आत ती लिफ्टनं वर गेली, हातात मोबाईल. तिची आई पेढे घेऊन आली. मी पेढा खाल्ला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. दार लावल्यावर मात्र मी बराच वेळ स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. आनंद झाला होता, पण त्याचं काय करायचं ते कळेना.

मला सांगायची आहे ती त्या गावातली आमची शेवटची संध्याकाळ. आबा उठून बसायला लागले होते. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. ते म्हणाले, “समुद्र बघायचा राहिला.” खरंच होतं. महिनाभर ते कधी डॉक्टरच्या औषधासाठी, कधी बाजाराला, कधी फाट्यावर, सारखे रस्त्याकडेच गेले होते. पहाटे आम्ही पाण्याशी जायचो तेव्हा ते पाणी भरायचे. माय म्हणाली, “चला.” अक्काला कोणी बोलावलं नाही, पण तीही उठली.

आबा आणि अक्का एका चालीनं चालत होते. दोघांनाही सारखीच धाप. एक थांबलं की दुसरं थांबायचं. माय पुढे जाऊन उभी राहायची, वळून बघायची, पुन्हा पुढे जायची. पाण्याच्या जरा अलीकडे ते दोघं वाळूत बसले. पाठीवर वारं होतं, गरम, आणि समोर ते एवढं पाणी वाऱ्यापुढे दबून पडलेलं. आबा बराच वेळ बघत होते. त्यांना ते आवडलं की नाही, मला सांगता येणार नाही.

मग ते म्हणाले, “पोरगा बरा होता.”

अक्कानं मान हलवली. “हौ, आबा,” म्हणाली. “बरा होता.”

आणि तेव्हा ती रडली. दम लागत होता तरी रडली, थांबत थांबत. आबांनी तिच्याकडे बघितलं नाही, हात पुढे करून तिच्या पदरावरची वाळू तेवढी झटकत राहिले. माय उभी होती ती तिथेच खाली बसली.

अंधारायच्या आत परतायला हवं होतं. दोघांनाही आपलं आपण उठता येईना. मायनं आबांना हात दिला, मी अक्काला. पहिल्या खेपेला जमलं नाही. आम्ही पाय वाळूत रोवून पुन्हा ओढलं.